वजरी

डाग लोखंडाचा आहे हे बघताच कळलं.
एकतीस वर्षं शाळेत गंज शिकवला,
फळ्यावर, खडूने, कोरड्या हातांनी.
लोखंड अधिक पाणी अधिक हवा,
दोन मार्कांचा प्रश्न.

हा कमोडच्या कडेखालून निघून
थेट पाण्यापर्यंत उतरलेला,
कपावरून ओघळलेला चहा
कुणी पुसायचा राहून गेला तसा.

शरयूचा गुडघा बदलून दोन महिने झाले.
ती दारात खुर्ची टाकून बसते, वॉकर भिंतीला टेकवून,
आणि सांगते.
पहिल्या दिवशी मी तिचं ऐकलं नाही.
ब्लीचिंग ओतलं, भरपूर, आणि दार लावून घेतलं.
सकाळी डाग पक्का, गडद,
खाली कुणी सही केल्यासारखा.
"अहो, ऑक्सिडीकरण," ती म्हणाली.
माझ्या वह्यांना कव्हरं घालता घालता उचललेला शब्द.

मग पाटणींकडून टाटरी आणली, शंभर ग्रॅम.
"क्या सर, शरबत बन रहा है?"
मी हो म्हणालो.

मग्याने पाणी उपसलं.
माझंच जुनं बनियन फाडून पट्ट्या केल्या,
टाटरीच्या पाण्यात भिजवून डागावर निजवल्या,
तापातल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तशा,
रात्रभर.
सुदामानगरात नर्मदा एक दिवसाआड येते,
मधल्या दिवशी बोरिंग.
बोरिंगच्या पाण्यात लोखंड किती
हे मला आकड्यात माहीत होतं.

सकाळी पट्ट्या पिवळ्या, डाग अर्धा.
"आता वजरी घ्या."
"तुझी?"
"मग काय, तुमची आहे?"
खिडकीत होती. काळी, भोकाभोकांची,
एका बाजूने टाचेइतकी खोलगट.
"ओली करा. भांडंही ओलं हवं,
कोरडं घासलंत तर चरे पडतील.
गोल गोल नको. वरून खाली."

मी गुडघ्यांवर बसलो. माझे अजून माझेच आहेत.
वरून खाली.
पाण्यात तांबूस धूर सुटला.
"तू हे कधी करायचीस?"
"नळ यायच्या आधी. चारला."
"रोज?"
"बोरिंगच्या दिवशी."
मला वाटायचं, पांढरं असणं हा त्याचा स्वभाव आहे.

आणि त्याच्याही आधी, जुन्या घरी,
बोळाच्या बाजूने एक बाई यायची.
तिच्या खराट्यापुढे पाणी ओतायचं काम माझं,
सात-आठ वर्षांचा असेन, बादली अंगापासून लांब धरून.
शिंतोडे उडतील, बघ, आई म्हणायची.
माझ्यावर, असं तिला म्हणायचं असे.
त्या बाईचं नाव आठवून पाहिलं.
कधी विचारलंच नव्हतं.
हे शरयूला सांगावं म्हणून वजरी थांबवली,
तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत,
आणि ती म्हणाली, पळा, आज चुकली तर पट्ट्या घरातच.

पळालो. हातात बनियनची लक्तरं.
गाडीवरचा मुलगा दोन्ही खण दाखवत म्हणाला,
"अंकल, ये गीला कि सूखा?"
पहिल्या नंबराच्या शहरात
मला उत्तर येईना.
त्यानेच घेतलं माझ्या हातातून. हातमोजा न घालता.
"नाव काय तुझं?" मी मराठीतच विचारलं.
गाडी सुटली होती. गाणंही मोठं होतं.

परत आलो तर ती वॉकर धरून आत डोकावत होती.
"कडेखाली राहिलाय एक केसभर."
"हो."
"राहू द्या आता. हात धुवा, पोहे करा.
लिंबू मीच पिळते, तुमची बोटं चुरचुरतील."

वजरी धुतली. कुठे ठेवू, विचारलं.
"तिथेच, ब्रशजवळ. आता ती पायाला नको."
"नवी आणतो, राजवाड्यावरून."
"आणा. टाचेपर्यंत हात पोचायला लागला की आणा."
मग जरा वेळाने, स्वयंपाकघरातून,
"उद्या बोरिंग आहे, लक्षात आहे ना?"